बारा मात्रा आणि एक नियम: अल्गोरिदमने मिनिमलिस्ट रचना कशी करावी

अल्गोरिदमने, म्हणजे आधी ठरवलेल्या नियमांच्या पायऱ्यांनी, संगीत रचण्याचे दोन ढोबळ मार्ग आहेत. पहिल्यात संगणक भरपूर शक्यता काढतो आणि नियमांची चाळणी लावून नको त्या फेकून देतो. १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी इलियाक संगणकावर स्ट्रिंग क्वार्टेटसाठी (चार तंतुवाद्यांच्या गटासाठी) जी रचना केली, तिचा मोठा भाग याच रीतीने तयार झाला. दुसऱ्या मार्गात यादृच्छिक काहीच नसतं. मूठभर स्वर घ्यायचे, त्यांवर एकच नियम लावायचा आणि तो शेवटपर्यंत चालू द्यायचा. मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या सामग्रीच्या पुनरावृत्तीवर चालणाऱ्या, संगीतातल्या बऱ्याच महत्त्वाच्या रचना या दुसऱ्या मार्गाच्या आहेत. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६८ च्या आपल्या निबंधात आग्रहाने मांडलं की प्रक्रिया कानाला ऐकू आली पाहिजे, कागदावर लपून राहता कामा नये.

इथला नियम बहुतेक वेळा एका ओळीत लिहून होतो, त्यामुळे कौशल्य नियमात नाही. कोणत्या सामग्रीवर तो लावायचा, यात सगळं कौशल्य आहे. चुकीच्या पॅटर्नवर उत्तम नियम लावला तरी तिसऱ्या मिनिटाला कान कंटाळतो, आणि योग्य पॅटर्नवर अगदी साधा नियमही सहा मिनिटं पेलतो. पॅटर्न चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी आवाज काढण्याआधी मोजता येतं. म्हणून पुढच्या कृतीत मोजणी आधी आणि आवाज नंतर आहे.

साधनं थोडीच लागतात: चौकटींचा कागद किंवा स्प्रेडशीट, आणि आवाजासाठी सोनिक पाय, सुपरकोलायडर, प्युअर डेटा या संगीताच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरपैकी काहीही. हे तिन्ही मोफत मिळतात. मिडी फाइल (कोणता स्वर कधी वाजवायचा हे आकड्यांत साठवणारी फाइल) वाचणारं कोणतंही ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअरही चालेल. अट एकच, प्रत्येक स्वर कधी वाजणार हे तुम्हाला आकड्यात सांगता आलं पाहिजे. नुसता माउसने स्वर ओढून ठेवायची सोय असेल तर हे काम त्रासाचं होईल.

आधी नुसते ठोके

बारा मात्रांचं आवर्तन घ्या. बाराच का, तर बाराला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो. त्यामुळे एकच पॅटर्न कानाला कधी तीन-तीनच्या गटांत, तर कधी चार-चारच्या गटांत ऐकू येतो. ही संदिग्धता आपल्याला हवी आहे.

मात्रांना ० ते ११ असे क्रमांक द्या आणि हा पॅटर्न लिहा (● म्हणजे ठोका, ○ म्हणजे रिकामी मात्रा):

● ○ ● ○ ● ● ○ ● ○ ● ○ ●

ठोके ०, २, ४, ५, ७, ९, ११ या मात्रांवर आहेत, एकूण सात. पश्चिम आफ्रिकेतल्या ढोलवादनात घंटेवर वाजणारा हा प्रसिद्ध पॅटर्न आहे. १९७० मध्ये राइश ढोलवादन शिकायला घानाला गेले होते, ते याच परंपरेच्या प्रदेशात. पेटीवर सा पासून शुद्ध स्वर मोजले तर नेमके हेच आकडे येतात: सा ०, रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नि ११. ते पुढे उपयोगी पडेल.

नियम असा. दोन आवाज हाच पॅटर्न एकत्र सुरू करतात. पहिला आवाज शेवटपर्यंत बदलत नाही. दुसरा आवाज ठरावीक आवर्तनांनंतर एका मात्रेने पुढे जातो, म्हणजे त्याच्या पॅटर्नची पहिली मात्रा काढून शेवटी लावायची. बारा वेळा असं केलं की तो मूळ जागी येतो आणि दोन्ही आवाज पुन्हा एक होतात. राइश यांची १९७२ ची 'क्लॅपिंग म्युझिक' ही दोन माणसांच्या टाळ्यांची रचना याच नियमावर उभी आहे. तिचा पॅटर्न मात्र वेगळा, आठ टाळ्यांचा आहे.

स्प्रेडशीटसाठी सूत्र असं: 'न' क्रमांकाच्या मात्रेवर दुसरा आवाज पॅटर्नमधलं जे घर वाजवतो त्याचा क्रमांक म्हणजे (न + अंतर) ला १२ ने भागून उरलेली बाकी. अंतर म्हणजे दुसरा आवाज तोवर किती मात्रा पुढे गेला आहे ते. इथे दोन चुका हमखास होतात. एक, मात्रा १ ते १२ अशा मोजल्या तर बाकी ० आल्यावर घर सापडत नाही, म्हणून मोजणी शून्यापासूनच करा. दोन, दुसरा आवाज मागे न्यायचा म्हणून अंतर वजा केलं, तर काही प्रोग्रॅमिंग भाषा ऋण बाकी देतात. पायथन देत नाही, सी आणि जावा देतात. अशा वेळी आधी १२ मिळवा, मग भागा.

आता मोजणी. प्रत्येक अंतराला दोन्ही आवाजांचे किती ठोके एकाच मात्रेवर पडतात ते मोजा. कागदावर करायचं तर एका पट्टीवर पॅटर्न एकदा लिहा, दुसऱ्या पट्टीवर सलग दोनदा लिहा, आणि दुसरी पट्टी एकेक घर सरकवत जा. वरच्या पॅटर्नचे आकडे असे येतात:

अंतर ०: ७ ठोके एकत्र
अंतर १: २
अंतर २: ५
अंतर ३: ४
अंतर ४: ३
अंतर ५: ६
अंतर ६: २

पुढे ७ ते ११ ला हेच आकडे उलट क्रमाने येतात: ६, ३, ४, ५, २. मोजणी बरोबर आहे का हे पडताळायची सोपी खूण आहे. बाराही अंतरांची बेरीज ठोक्यांच्या संख्येच्या वर्गाइतकी आली पाहिजे. इथे ती ४९ येते, सातचा वर्ग. बेरीज जुळली नाही तर पट्टी कुठेतरी चुकली आहे.

या आकड्यांतून रचनेचा चढउतार आधीच दिसतो. एकत्र पडणारे ठोके चौदातून वजा केले की आवर्तनातल्या किती मात्रांवर काही ना काही वाजतंय ते कळतं. अंतर १ ला १२, म्हणजे एकही मात्रा रिकामी नाही, सलग खडखडाट. अंतर ५ ला फक्त ८, म्हणजे दोन आवाज जवळजवळ एकच पॅटर्न वाजवताहेत आणि भोवती भरपूर मोकळी जागा आहे. शुद्ध स्वरांचा सा उचलून म किंवा प वर ठेवला तर एकच स्वर बदलतो, बाकी सहा तेच राहतात. अंतर ५ आणि ७ ला सहा ठोके जुळतात ते याच कारणाने. ही रचना सुरुवातीलाच एकदम दाट होते, मग हेलकावे खात ५ पाशी विरळ होते, मधोमध ६ ला पुन्हा पूर्ण भरते, आणि तिथून आरशातल्यासारखी परतते. ऐकणाऱ्याला आकडे माहीत नसतात, पण हा आकार त्याला जाणवतो.

तुलनेसाठी क्लॅपिंग म्युझिकचा पॅटर्न, ● ● ● ○ ● ● ○ ● ○ ● ● ○. त्याचे आकडे अंतर १ पासून ६ पर्यंत ४, ५, ६, ५, ६, ४ असे येतात. चढउतार सौम्य आहे, आणि अंतर १, ६ व ११ ला एकही मात्रा रिकामी राहत नाही. दोन्ही पॅटर्न चांगले आहेत, स्वभाव वेगळे आहेत.

वाईट पॅटर्न ओळखायला दोन परीक्षा पुरतात. पहिली, पॅटर्न स्वतःच्या आत पुन्हा येतो का? एकाआड एक सहा ठोके घेतले तर अंतर २ ला दोन्ही आवाज पूर्ण जुळतात. बारा विभागांची रचना म्हणून जे सुरू झालं त्यात वेगळे विभाग दोनच निघतात. दर तीन मात्रांनी चार ठोके घेतले तर तीनच. ठोक्यांची संख्या आणि १२ यांना १ सोडून सामाईक विभाजक नसेल, म्हणजे ठोके ५ किंवा ७ असतील, तर ही अडचण येणं शक्यच नाही. ४, ६, ८, ९ अशा संख्या घेतल्या तर पट्टीवर तपासा. आठ ठोक्यांचा वरचा पॅटर्न तपासणीत पास होतो, पण आठ ठोक्यांचा प्रत्येक पॅटर्न होणार नाही.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. सातही ठोके ओळीने ० ते ६ वर ठेवा आणि आकडे काढा: ६, ५, ४, ३, २, २. शुद्ध स्वरांच्या पॅटर्नचेच आकडे, फक्त क्रम वेगळा! तरीही ही रचना ऐकवत नाही. ठोक्यांचा एक सलग गठ्ठा आणि त्यामागे एक सलग पोकळी, इतकंच ऐकू येतं आणि अंतर बदललं तरी गठ्ठा फक्त लांब-रुंद होत जातो. आकडे एकाच दिशेने घसरत न जाता वर-खाली झाले पाहिजेत, आणि ठोक्यांच्या मधल्या जागा किमान दोन वेगवेगळ्या लांबीच्या, एकमेकींत मिसळलेल्या असल्या पाहिजेत. आपल्या पॅटर्नमध्ये ठोक्यापासून ठोक्यापर्यंतचं अंतर २, २, १, २, २, २, १ असं आहे. त्यातल्या दोन १ मुळे कानाला धरायला जागा मिळते.

हा टप्पा संपवण्याआधी पॅटर्न हाताने टाळ्या वाजवून पाहाच. एक मात्रा २०० मिलिसेकंदांची धरा. प्रत्येक अंतरावर ८ आवर्तनं आणि सुरुवात-शेवट धरून १३ विभाग केले तर १,२४८ मात्रा होतात, म्हणजे साधारण ४ मिनिटं १० सेकंद. संगणकावर ऐकताना प्रत्येक विभागात नवा पॅटर्न 'उगवला' असं वाटलं तर पुढे जा.

स्वर घालताना

राइश यांच्या १९६७ च्या 'पियानो फेझ'मधला बारा स्वरांचा पॅटर्न जवळून पाहण्यासारखा आहे. विषम जागांवर (पहिली, तिसरी, पाचवी; इथे जागा एकपासून मोजल्या आहेत) तीन स्वरांचा एक लूप फिरतो, सम जागांवर दोन स्वरांचा दुसरा. तीन आणि दोन यांचा लघुत्तम सामाईक विभाज्य सहा, आणि दोन लूप एकाआड एक गुंफल्यामुळे एकूण लांबी बारा. म्हणजे फेझिंग (एक आवाज दुसऱ्यापासून सरकत जाणं) सुरू होण्याआधीच, एकट्या आवाजातसुद्धा, एक छोटा अल्गोरिदम चालू आहे. ही युक्ती उचलावी अशी आहे.

आपल्यासाठी वेगळे स्वर घेऊ. तीनचा लूप: सा, ग, ध. दोनचा लूप: प आणि तार सप्तकातला रे. सगळे शुद्ध. गुंफल्यावर ओळ अशी होते (रें म्हणजे तार रे):

सा प ग रें ध प सा रें ग प ध रें

मिडीत सा ला ६० धरलं तर: ६०, ६७, ६४, ७४, ६९, ६७, ६०, ७४, ६४, ६७, ६९, ७४. पाच स्वर, एकही अर्धस्वराचं अंतर नाही, त्यामुळे कोणत्याही सरकण्यात टोचणारी जोडी तयार होत नाही. अर्धस्वर हवा असेल तर जरूर घाला, पण एकच घाला आणि जाणूनबुजून घाला. बारा विभागांत तो कुठे-कुठे आपटणार आहे ते आधी मोजून ठेवा.

आता ही ओळ स्वतःशीच सरकवली तर काय होतं ते पाहा. अंतर विषम असेल तर एका आवाजाचा तीनचा लूप दुसऱ्याच्या दोनच्या लूपसमोर येतो. तीन आणि दोन यांच्या सहा जोड्या होतात: सा-प, सा-रें, ग-प, ग-रें, ध-प, ध-रें. कोणतंही विषम अंतर घ्या, याच सहा जोड्या येतात, प्रत्येक जोडी एका आवर्तनात दोनदा. बदलतो तो फक्त त्यांचा क्रम. अंतर ६ ला विषम जागांवर दोन्ही आवाज एकच स्वर वाजवतात आणि सम जागांवर प-रें ही पंचमाची जोडी येत राहते. रचनेचा मध्य एकदम उजळ आणि स्थिर वाटतो तो यामुळे. अंतर ४ आणि ८ ला उलट, सम जागांवर स्वर जुळतात आणि विषम जागांवरचे वेगळे होतात. अंतर २ आणि १० ला एकही स्वर जुळत नाही. थोडक्यात, बारा अंतरांत स्वरमेळाचे प्रकार पाचच आहेत: पूर्ण एकरूप, सगळी विषम अंतरं, २-१०, ४-८ आणि ६. सहा मिनिटांसाठी हे पुरेसं आहे. दहा मिनिटांची रचना हवी असेल तर दोनऐवजी चार स्वरांचा लूप घ्या. मग ओळ २४ मात्रांची होईल आणि प्रकार वाढतील.

सगळ्यात वरच्या स्वराकडे वेगळं लक्ष द्या, कारण कान तोच पकडतो. आपल्या ओळीत रें दर चौथ्या मात्रेवर येतो. अंतर १ ला दोन्ही आवाजांचे रें शेजारी-शेजारी पडून 'रेंरें – – रेंरें – –' अशी जोडी ऐकू येते. अंतर २ ला रें एकाआड एक मात्रेवर सलग येतो, आणि अंतर ४ ला पुन्हा एकावर एक बसतो. हा वरचा ठेका कुणीच 'वाजवत' नसतो, दोघांच्या मिळून तो तयार होतो. तो ऐकू येण्यासाठी वरचा स्वर बाकीच्यांपासून थोडा दूर ठेवा. इथे ध आणि रें यांत पाच अर्धस्वरांचं अंतर आहे, ते पुरतं. सगळे स्वर एकमेकांना चिकटून ठेवले तर हा ठेका उमटत नाही.

ध्वनीची निवड: मारिंबा, पियानो, छेडलेली तार, असा आघात होऊन लवकर विरणारा आवाज घ्या. स्वराची लांबी मात्रेच्या दोन-तृतीयांशपेक्षा जास्त नको. ऑर्गन किंवा सिंथेसायझरच्या पॅडसारखा टिकणारा आवाज घेतला की कडा पुसल्या जातात आणि सरकणं ऐकूच येत नाही. रिव्हर्बही (आवाजामागची घुमणारी आस) एक सेकंदाच्या आत ठेवा. आणि पहिल्या मात्रेवर आघात वाढवण्याचा मोह टाळा. दोन्ही आवाजांनी सम ठळक दाखवली की कान तिला धरून बसतो, आणि नवा पॅटर्न ऐकण्याऐवजी 'दुसरा वादक पुढे पळतोय' एवढंच ऐकतो. बाराही मात्रा सारख्या जोराने वाजू द्या.

दोन्ही आवाजांना अगदी एकच नमुना-ध्वनी दिला असेल तर आणखी एक अडचण येते. एकरूप वाजताना दोन तंतोतंत सारख्या लहरींची बेरीज होऊन पातळी ६ डेसिबलने वाढते, आणि काही मिलिसेकंदांचा फरक पडला की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. एक आवाज डावीकडे आणि दुसरा उजवीकडे ठेवा, म्हणजे हे बरंच टळतं. अगदी टोकाला मात्र नेऊ नका, नाहीतर हेडफोनवर दोन वेगळ्या रचना ऐकल्यासारखं होतं. मध्यापासून ४०-५० टक्के पुरे.

उडी की घसरण

दुसरा आवाज पुढे नेण्याच्या दोन रीती आहेत. उडी म्हणजे एका आवर्तनाच्या शेवटी एकदम एक मात्रा पुढे. ठोक्यांच्या रचनेला हीच शोभते. घसरण म्हणजे दुसऱ्या आवाजाची लय किंचित वाढवून त्याला हळूहळू पुढे जाऊ देणं, एक मात्रा भरली की पुन्हा मूळ लयीवर आणणं. १९६५ मध्ये राइश यांना ही कल्पना सापडली ती एकाच ध्वनिफितीचे दोन लूप दोन यंत्रांवर हळूहळू वेगळे होताना ऐकून. स्वरांच्या रचनेला घसरण जास्त खुलते, पण तिथे हिशेब काटेकोर लागतो.

लय मिनिटाला १०० ठेवा, एका ठोक्यात ४ मात्रा. म्हणजे एक मात्रा १५० मिलिसेकंद, एक आवर्तन १.८ सेकंद. घसरण ८ आवर्तनांत पूर्ण करायची तर पहिला आवाज ९६ स्वर वाजवेल तेवढ्या वेळात, म्हणजे १४.४ सेकंदांत, दुसऱ्याने ९७ वाजवायचे. त्याची मात्रा १४,४०० भागिले ९७, म्हणजे १४८.४५ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि लय मिनिटाला १०१.०४.

इथे पूर्णांकाचा मोह घात करतो. मात्रा १४८ मिलिसेकंद धरली तर ९७ स्वर १४,३५६ मिलिसेकंदांत संपतात, ४४ मिलिसेकंद आधीच. मात्रेचा जवळजवळ तिसरा हिस्सा! मग अंतर १ वर दोन आवाज बसतच नाहीत, प्रत्येक स्वर दोनदा उमटल्यासारखा ऐकू येतो. मिडी फाइलमध्येही हेच होतं. एका ठोक्याला ४८० टिक (मिडीतलं वेळेचं सर्वांत लहान एकक) असतील तर मात्रा १२० टिकांची, आणि घसरणीतली मात्रा ११,५२० भागिले ९७, म्हणजे ११८.७६ टिकांची. प्रत्येक मात्रा ११९ टिक धरली तर एका घसरणीत २३ टिकांची, म्हणजे जवळपास २९ मिलिसेकंदांची चूक साचते, आणि बारा घसरणींनंतर ती दोन मात्रांच्याही वर जाते.

उपाय सोपा आहे. मात्रेची लांबी पूर्णांकात आणू नका, स्वराची जागा आणा. घसरणीतल्या 'क' क्रमांकाच्या स्वराची सुरुवात = क × ११,५२० ÷ ९७, आणि हे उत्तर जवळच्या टिकावर न्या. अशाने कोणत्याही स्वराची चूक अर्ध्या टिकापेक्षा, म्हणजे सुमारे ०.६ मिलिसेकंदापेक्षा, जास्त होत नाही आणि ती साचतही नाही. प्रोग्रॅममध्येही तेच: आधीच्या स्वराच्या वेळेत मात्रा मिळवत जाण्याऐवजी प्रत्येक वेळ विभागाच्या आरंभापासून गुणाकाराने काढा.

घसरण किती लांब असावी? चार आवर्तनांपेक्षा कमी असेल तर ती घाई वाटते. सोळापेक्षा जास्त असेल तर मधला धूसर टप्पा रेंगाळतो. सुरुवातीला, फरक २०-३० मिलिसेकंदांच्या आत असेपर्यंत, दोन आवाज एकच जाड आवाज म्हणून ऐकू येतात. मग प्रतिध्वनी, मग दुप्पट वेगाचा भास, आणि शेवटी नवा पॅटर्न एकदम जागेवर बसतो. तो बसण्याचा क्षण या सगळ्या प्रकाराचं सार आहे. म्हणून घसरणीनंतर लगेच पुढची घसरण सुरू करू नका, नव्या अंतरावर तेवढाच वेळ थांबा.

पूर्ण आराखडा असा होतो: ८ आवर्तनं एकरूप, मग बारा वेळा (८ आवर्तनं घसरण + ८ आवर्तनं मुक्काम). एकूण २०० आवर्तनं, बरोबर ६ मिनिटं. पहिल्या आवाजाचे २,४०० स्वर, दुसऱ्याचे २,४१२. फाइल तयार झाली की हे दोन आकडे मोजा. फरक बरोबर १२ आला नाही तर कुठल्यातरी घसरणीत एक स्वर राहिला आहे किंवा दोनदा पडला आहे, बहुधा विभागांच्या सांध्यावर.

बेरीज आणि वजाबाकी

फेझिंग हा एक नियम झाला. दुसरा मोठा नियम बेरजेचा. १९६० च्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्यासोबत काम केलं, आणि लहान एकके जोडत लय मोठी करण्याची दिशा त्यांना तिथे मिळाली. १९६८ नंतरच्या त्यांच्या रचनांत ती उघडपणे दिसते.

आठ स्वरांची ओळ घ्या. पहिला स्वर, मग पहिले दोन, मग पहिले तीन, असं आठपर्यंत. प्रत्येक ओळ किती वेळा वाजवायची इथेच बहुतेक रचना बिघडतात. सगळ्या ओळी सारख्या वेळा वाजवल्या तर एका-दोन स्वरांच्या ओळी पापणी लवेपर्यंत संपतात आणि सात-आठच्या ओळी लांबत जातात. त्याऐवजी प्रत्येक ओळीला जवळपास २४ मात्रा द्या, म्हणजे आवृत्त्या २४, १२, ८, ६, ५, ४, ३, ३ अशा होतात. एकूण १९० मात्रा, वरच्याच लयीत साडेअठ्ठावीस सेकंद. हा एक खंड झाला. मग त्याच ओळीतून पुढून एकेक स्वर गाळत परत या, म्हणजे उतरताना वेगळे स्वर उरतात.

सॉफ्टवेअरमध्ये बारची लांबी ठरलेली असते आणि मेट्रोनोम चालू असतो. बेरजेच्या रचनेत दोन्ही बंद करा. पाच मात्रांची ओळ चारच्या जाळीवर ऐकली की ती ऑफबीट वाटायला लागते, प्रत्यक्षात तिला बीटच नाही. इथे मात्र ओळीच्या पहिल्या स्वराला हलका आघात द्या. फेझिंगमध्ये जो आघात नको होता तो इथे हवा, कारण ओळ कुठे सुरू झाली हे कळल्याशिवाय ती वाढल्याचं कळत नाही.

न जुळणारे लूप

संथ, पार्श्वभूमीत राहणारं संगीत हवं असेल तर तिसरा नियम: वेगवेगळ्या लांबीचे लूप एकत्र सोडून द्यायचे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या आपल्या विमानतळासाठीच्या संगीतात गायलेल्या एकेका स्वराचे असे लूप वापरले. सगळा खेळ लांबीच्या आकड्यांचा आहे. १६, २० आणि २४ सेकंदांचे लूप घेतले तर ते ४ मिनिटांनी पुन्हा एकत्र सुरू होतात आणि रचना तिथून तशीच्या तशी फिरते. १७, १९ आणि २३ सेकंद घेतले तर पुनरावृत्तीला ७,४२९ सेकंद लागतात, म्हणजे २ तास ३ मिनिटं ४९ सेकंद. मूळ संख्या घ्या, हाच नियम.

प्रत्येक लूपमध्ये एकच स्वर आणि बाकी शांतता ठेवा, शांतता किमान दोन-तृतीयांश. लूप भरगच्च केले की कोणतेही आकडे घेतले तरी तो गोंगाटच होतो. स्वर एकाच रागछटेतले असावेत, कारण कोणता स्वर कोणावर पडेल हे तुमच्या हातात राहत नाही.

एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्त यांनी १९७६ पासून वापरलेला नियमही संगणकाला देण्याजोगा आहे. एक आवाज सप्तकात पायरीपायरीने चालतो, दुसरा फक्त सा, कोमल ग आणि प या तिघांतला, पहिल्याच्या लगेच वरचा स्वर घेतो. सा वर ग, रे वर ग, ग वर प, म वर प, प वर तार सा. रे आणि कोमल ग यांत अर्धस्वराचा घर्षणाचा क्षण येतो, तो काढू नका. पूर्ण रचना त्याच्यावर तोललेली असते.

या सगळ्यात यादृच्छिकता घालायची असेल तर एकाच जागी घाला, उदाहरणार्थ विभाग किती आवर्तनं टिकेल एवढ्यापुरती, ६ ते १० च्या दरम्यान. स्वर निवडायला ती वापरली की ऐकणाऱ्याचा नियमावरचा हात सुटतो. आणि यादृच्छिक संख्यांचा सीड (ज्या आकड्यापासून त्या काढल्या जातात तो) नोंदवून ठेवा, नाहीतर आवडलेली आवृत्ती पुन्हा काढता येणार नाही.

शेवट आणि तपासणी

फेझिंगच्या रचनेचा शेवट नियमातच आहे. तेरावा विभाग म्हणजे पुन्हा एकरूप. इथे फेड-आउट करू नका, लय मंदावू नका, शेवटी ठसठशीत सा जोडू नका. शेवटच्या विभागाचं शेवटचं आवर्तन पूर्ण करा आणि थांबा. बाराव्या मात्रेनंतर फक्त रिव्हर्ब विरेपर्यंतची शांतता फाइलमध्ये राहू द्या.

फाइल बाहेर काढण्याआधी एक तपासणी करून घ्या. दोन्ही आवाजांना तात्पुरता एकच ध्वनी द्या, दोन्ही मध्यात आणा, रिव्हर्ब आणि जोरातले यादृच्छिक फेरफार बंद करा, आणि एका आवाजाची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे त्याची लहर वरची खाली होते). पहिला आणि तेरावा विभाग पूर्ण शांत व्हायला हवेत, कारण सारख्या लहरी एकमेकींना रद्द करतात. पहिला शांत आणि तेरावा टकटक करत असेल तर घसरणींमध्ये चूक साचली आहे. मग बारा मुक्कामांच्या सुरुवातीच्या वेळा स्प्रेडशीटमध्ये काढा. पहिला मुक्काम २८.८ व्या सेकंदाला, पुढचे दर २८.८ सेकंदांनी. दुसऱ्या आवाजाचा जो मुक्काम या वेळेपासून सर्वांत आधी ढळलेला दिसेल, त्याच्या लगेच आधीच्या घसरणीत चूक सापडेल.